उतारावरचा पास

माळ्यावरून बूट काढले तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिनं बुटांकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेल लावून लावून माझा हात दुखायलाय, आन् तुमाला आता हे सुचायलंय का?" मी बूट झटकले. तिचं बरोबरच होतं, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि फुटबॉल सोडून सात वर्षं झालीत. डाव्या बुटाचा तळ सुटला होता. तो चिकटवून घ्यायला मोच्याकडे टाकला आणि मी शाळेत गेलो. तिथं मी कारकून आहे, आणि मला पळताना पाहिलेलं तिथं आता कुणीच उरलेलं नाही.

खरी गोष्ट गुडघ्याच्या कितीतरी आधीची आहे. मी बावीस वर्षांचा असताना नांदेडला विभागाच्या संघासाठी निवड चाचणी झाली. आमच्या सेलूत तेव्हा माझ्या पासचं नाव होतं. मी स्टॉपर, म्हणजे गोलकीच्या पुढचा शेवटचा गडी. पण चेंडू पायात आला की चाळीस पावलांवरच्या माणसाच्या पुढ्यात नेऊन ठेवायचो. नांदेडला मला वीस मिनिटं मिळाली. त्या वीस मिनिटांत मी दिलेले सगळे पास दोन-दोन हात डावीकडे गेले. एखादा चुकला असता तर नशीब म्हटलं असतं, पण सगळेच गेले. निवड करणाऱ्या गृहस्थांनी मला बाहेर बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, एकदा डोळे तपासून घे."

मी खरोखर गेलो. परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावली, ती मी घडाघडा वाचली. डोळे उत्तम होते. म्हणजे खोट माझ्यातच होती असं मी ठरवून टाकलं. गावात लोक म्हणायचे, घरच्या मैदानावर वाघ आहे, बाहेर गेला की घाबरतो. मीही तेच म्हणू लागलो. पुढं पंधरा वर्षं सेलूत खेळलो, चांगला खेळलो, आणि बाहेरगावच्या प्रत्येक सामन्यात पास चुकणार असं धरूनच उतरलो. तसं पाहिलं तर आमची सगळी टीमच बाहेर कधी जिंकली नाही. त्याला आमच्याकडे कारणं तयार असायची: पाणी बदललं, रेफरी त्यांचा होता, रात्रभर डासांनी झोपू दिलं नाही. एवढी वर्षं गेली, पण कारण आपल्या पायाखाली असेल असा संशय एकालाही आला नाही.

तो संशय मला गेल्या वर्षी एका गवंड्यानं आणून दिला. मैदानाच्या स्टेशनकडच्या टोकाला कुंपणाची भिंत बांधायचं काम चाललं होतं. मी शाळेतून घरी जाताना सहज स्कूटर थांबवली. गवंडी आणि त्याचा जोडीदार पाण्यानं भरलेली लांब नळी घेऊन लेवल बघत होते. मैदानाच्या एका लांब बाजूनं रस्ता जातो, दुसऱ्या बाजूनं नाला; एक रस्त्याच्या कडेला उभा, दुसरा नाल्याच्या कडेला. गवंड्यानं विटेवर खूण केली आणि स्वतःशीच चुकचुकला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "साहेब, नाल्याकडल्या अंगाला भिंत सव्वादोन फूट चढवावी लागंल. जमीन लय पडती हाय इथली."

"इथली? हे तर सपाट आहे."

"डोळ्याला सपाट दिसतंय. पाण्याला न्हाई दिसत."

मी स्कूटर स्टँडवर लावली आणि तिथंच खाली बसलो. आमच्याकडे एक पद्धत होती. पहिला हाफ आम्ही नेहमी स्टेशनकडच्या गोलपासून सुरू करायचो. नाणेफेक कोण जिंकलं याला महत्त्व नव्हतं, पाहुण्या टीमला कुणी विचारायचंच नाही. ही पद्धत आमच्या आधीच्या लोकांनी पाडली होती, आम्ही चालवली. म्हणजे पहिल्या हाफात नाला कायम उजव्या हाताला. चेंडू नकळत उजवीकडे उतरणार, म्हणून आमचे पाय नकळत डावीकडे मारायचे. दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या की उलट. दहा-बारा वर्षांचे असल्यापासून आम्ही हेच शिकलो होतो, आणि शिकलो आहोत हे आम्हाला माहीत नव्हतं. सपाट मैदानावर गेलो की पहिल्या हाफात सगळं डावीकडे, दुसऱ्या हाफात सगळं उजवीकडे. मी भित्रा नव्हतो. माझे डोळे चांगले होते, पायही चांगले होते. मी तिथं बसून हसलो, आणि मग मला इतका राग आला की गवंड्यानं मला पाणी दिलं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, सपाट मैदानावर, पूर्ण सामना. कुणाला दाखवायला नाही. तो बावीस वर्षांचा मुलगा मी अजून विसरलो नव्हतो, त्याच्यासाठी.

या पावसाळ्यात संधी चालून आली. आताच्या टीमला नांदेडला खुल्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि त्यांचा स्टॉपर मोटरसायकलवरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. कॅप्टन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मी तिथं जाऊन त्याला उताराचं सांगितलं. तो ऐकून घेतल्यासारखं करत म्हणाला, "काका, मैदान वाकडं न्हाई. तुमचा चष्मा वाकडा असंल." दुकानातली पोरं खिदळली. मी म्हणालो, सिद्ध करून दाखवतो, तीन आठवडे शिकवतो, पण एका अटीवर. स्टॉपर मी खेळणार, पूर्ण वेळ. ही अट घालायला मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दुसरा स्टॉपर नव्हताच, म्हणून कॅप्टन हो म्हणाला.

सेलूत सपाट जागा शोधायची म्हटलं तर एकच: जिनिंगचं आवार. कापसाचा हंगाम नसला की ते सिमेंटचं अंगण रिकामं असतं, आणि ते लेवल काढून केलेलं असतं. तिथल्या मुकादमाची परवानगी काढली. पहाटे सहाला सगळे जमले. मी चुन्यानं चाळीस पावलांची सरळ रेघ मारली आणि म्हणालो, चेंडू या रेघेवरून त्या टोकाला न्या. स्टेशन पाठीमागे आहे असं समजा. पहिल्यानं मारला, डावीकडे गेला. दुसऱ्याचा डावीकडे. कॅप्टननं तीनदा मारला आणि तिन्ही वेळा चेंडू डावीकडच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन आदळला. पोरं एकमेकांच्या पायांकडे बघू लागली. शेवटी कॅप्टन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आयला! काका, आमाला तर कुणी सांगितलंच न्हाई." खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी भयंकर आनंद झाला. एकट्यानं वीस वर्षं बाळगलेला अपमान अकरा जणांत वाटला गेला होता.

पोरं जिद्दीची. आठ दिवसांत चेंडू रेघेच्या जवळून जाऊ लागला, पंधरा दिवसांत रेघेवरून. मी शिट्टी घेऊन ओरडायचो: पाय वळवू नको, खांदा बघ, कमरेतून मार. त्यांना राग यायचा, तरी दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी हजर. सगळ्यांत लवकर शिकला तो मधल्या फळीतला एक पोरगा. एकोणीस वर्षांचा, बोलायला कंजूष. वडलांची चारेक एकर शेती, सकाळी दूध घालूनच यायचा. त्याचा पास पाहिला की मला कुठंतरी आत टोचायचं. हेवाच तो, दुसरं काय म्हणायचं?

आणि माझं काय? माझे दहातले सात पास अजून डावीकडेच जात होते. पोरांच्या पायात उतार आठ-दहा वर्षांचा होता, माझ्या पायात पंचवीस वर्षांचा. मी सावध राहून मारला तर सरळ जायचा. पण सामन्यात कोण सावध राहतो? ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नाही. रेघेवर माझी पाळी आली की मी शिट्टी वाजवून दुसऱ्याला दुरुस्त करायला धावायचो. कुणाच्या लक्षात येत नाही अशी माझी खात्री होती. ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला काम टाळायच्या शंभर युक्त्या येतात.

नांदेडचं मैदान बघून मला भरून आलं. हिरवंगार, कृत्रिम गवताचं, टेबलासारखं सपाट. पोरं त्यावर पाय आपटून बघत होती, एकानं तर हात टेकून वासही घेतला. माझ्या अंगावर नवी जर्सी होती, पोटावर जरा घट्टच. रेफरीची शिट्टी झाली आणि पहिला चेंडू माझ्याकडे आला. मी न थांबता मारला. तो थेट मधल्या फळीतल्या त्या पोराच्या पायात जाऊन थांबला. दुसराही तसाच. तिसरा लांबचा, कोपऱ्याकडे पळणाऱ्या गड्याला, तोही बरोबर. मला वाटलं, सुटला. पायातला उतार सुटला. तो अर्धा तास मी काय होतो ते मला सांगता येणार नाही. गुडघा आहे हेही विसरलो. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचा पाय बघा की!" आणि मला ते म्हाताऱ्यासकट आवडलं.

मध्यंतराच्या थोडं आधी आमच्यावर गोल झाला. आमच्या मधल्या फळीत अचानक भोक पडलं आणि त्यांचा गडी त्यातून सरळ आत घुसला. असं होतं, म्हणालो. एका गोलचं काय एवढं?

मध्यंतरात मी गुडघ्याचा पट्टा सैल करायला पाण्याच्या टाकीच्या मागे जाऊन बसलो होतो. पलीकडे पोरं पाणी पीत होती. मी तिथं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एरवी न बोलणारा तो पोरगा बोलत होता.

"आता बाजू बदलली. काकाचे पास आता उजव्या अंगाला येतील. त्यांनी पाय उचलला की एक पाऊल तिकडं सरकायचं. आन् कुणी तोंड उघडू नका त्यांच्यापुढं."

कॅप्टन हळू आवाजात म्हणाला, "आरं, त्या सरकण्यापायीच गोल खाल्ला ना आपण. तू जागेवर नव्हतास."

"खाल्ला तर खाल्ला. फेडू. काका लय दिवसांनी खेळायलेत."

मी पट्टा हातात धरून बसलो. अर्धा तास अख्खी टीम माझ्यासाठी जागा सोडून उभी राहिली होती. माझा एकही पास सरळ गेला नव्हता. त्या पोरानं जिनिंगच्या आवारात केव्हाच सगळं पाहिलं होतं आणि मला ऐकू जाईल असा एक शब्दही काढला नव्हता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. यातलं मी काही केलं नाही. उठलो, टाकीला वळसा घालून गेलो आणि कॅप्टनला म्हणालो, "गुडघा धरलाय रे. मला बसव, दुसऱ्याला घे."

त्या दिवशी गुडघा जराही दुखत नव्हता. वर्षभरात पहिल्यांदाच दुखत नव्हता. कॅप्टनच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, त्यानं तो लगेच लपवला, पण मी पाहिला. तो पोरगा मात्र माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काका, थोडा वेळ तरी खेळा की." मी म्हणालो, "जागा सोडू नकोस आता. कुणासाठीच नाही."

दुसरा हाफ मी बाकावरून पाहिला. पोरं आपापल्या जागी उभी होती आणि चेंडू त्यांच्यामधून रेघ मारल्यासारखा सरळ फिरत होता. दहा-पंधरा मिनिटांनी त्या पोरानं एक पास दिला, चाळीस पावलांचा, पळणाऱ्या गड्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलेला. गोल झाला. बरोबरी. बाकावरचे सगळे उठून नाचले, मीही नाचलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. मग बाकीचे खाली बसले आणि मला बसवेना. तो पास माझा होता. मी बावीस वर्षांचा असताना, याच गावात, तो माझ्या पायात होता आणि मला तो देता आला नाही.

अजून वीस मिनिटं उरली होती. बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या स्पर्धेत परत आत घेत नसत, आणि हा नियम मीच पोरांना चार वेळा बजावून सांगितला होता. पोरांनी जिंकावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आणि तितक्याच मनापासून वाटत होतं की त्यांच्यातल्या कुणाचातरी पाय मुरगळावा, कॅप्टननं इकडं वळून हात करावा, आणि रेफरीनं काही न बोलता मला आत जाऊ द्यावं.