न आलेल्या संदेशाची चौकशी

उरणच्या बंदराजवळच्या आमच्या कार्यालयात मी पालीहून नोकरीला आले, तेव्हा युसूफ मुकादम सरांनी पहिल्या दिवशी मला संगणक दिलाच नाही. टेलिफोन दिला. "आधी माणसं ओळखा. यंत्रं नंतर ओळखता येतात," ते म्हणाले.

आमचं काम असं. कंटेनर आत आला की गेटची संगणकप्रणाली एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यात संदेश लिहिते: क्रमांक, माल, तापमान. मधला आमचा सर्व्हर तो वाचून नियमांप्रमाणे कंटेनर रचून ठेवणाऱ्या यार्डाकडे, कस्टमकडे, वीज विभागाकडे धाडतो. हे सारे नियम सरांनी उभे केले. तरीही रोज सकाळी नऊला ते प्रत्येक विभागाला फोन करून विचारत, "काय आलं, काय नाही आलं?" आम्ही त्यांना पाठीमागे 'नऊचा भोंगा' म्हणत असू. त्यांना ते माहीत होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

माझं प्रोबेशन संपायला आठवडा होता. मी एक नवा नियम लिहिला, सगळे कंटेनर यार्डाकडे, आणि चुकून तो सर्वांत वर ठेवला. जो नियम आधी लागू होतो, त्याप्रमाणेच संदेश जातो; खालचे नियम मग पाहिलेच जात नाहीत. थंड मालाच्या, म्हणजे सतत वीज लागणाऱ्या रीफर कंटेनरांचे संदेश वीज विभागाकडे जाईनासे झाले. पडद्यावर मात्र सगळं हिरवं.

दुसऱ्या दिवशी नऊला सरांनी आधी गेटला फोन केला, मग वीज विभागाला. तिथले म्हात्रे म्हणाले, "आज एक बी रीफर न्हाय, मुकादमसाहेब. निवांत हाय."

"निवांत कसे? थळची कोळंबी मघाशीच आत आलीय. प्लग लावा आधी, संदेश मागून पाठवतो."

कोळंबी वाचली. माझी नोकरी गेली, असं मी धरूनच चालले होते. सरांनी तो नियम खाली सरकवला, अहवालात लिहिलं, "नियमांचा क्रम मी तपासला नव्हता," आणि माझ्यापुढे चहा ठेवला. "आलेलं सगळेच बघतात, बेटा. यायला हवं होतं आणि आलं नाही, ते बघणारं कुणीतरी लागतं."

पुढे आई आजारी पडली. मी न कळवता दोन दिवस घरी राहिले, फोनही उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सर आणि त्यांच्या पत्नी रुकय्याभाभी सांदणांचा डबा घेऊन पालीला आमच्या दारात उभे. "नऊचा फोन तू उचलला नाहीस," एवढंच सर म्हणाले. माझं नसणं इतक्या लवकर कुणाच्या लक्षात येईल, असं मला वाटलं नव्हतं.

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि नऊचा फोन आता माझ्याकडे आहे. यादीच्या शेवटी मी एक क्रमांक वाढवला आहे, त्यांच्या घरचा. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी तो फोन उचलून मला रागवावं, "दोन मिनिटं उशीर केलास, बेटा."