गोठवलेला चीक

पुतणी मीरा प्रयोगशाळेतून एक डबा घेऊन आली. गव्हाचा चीक शिजवून, गोठवून, वितळू देऊन, पुन्हा गोठवून तिनं त्याची पांढरट चकती केली होती.

“काका, हात लाव ना!”

मी बोट टेकवलं. गार, लिबलिबीत चकती दबली, तिला पाणी सुटलं आणि बोट काढताच ती पुन्हा फुगली. मला शिसारी आली. बायकोच्या पायाची पट्टी बदलताना जखमेला चुकून बोट लागतं, तेव्हा अगदी असंच वाटतं. मी तसं बोललो, तर मीरा हरखलीच.

“मग जमलं की! पुढे जखमेवरच बसवायचीय ही. गोठताना चिकाचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकून राहतं.”

मी साबणानं हात धूत राहिलो. डोळा, जीभ, कातडीखालचं सगळं असंच जाळ्यात धरलेलं पाणी. ह्यालाच आपण पावडर लावून मिरवतो! स्वतःच्याच हाताची किळस आली.

संध्याकाळी पट्टी बदलायला बसलो. वास आला, चिकटलेलं कापड ओढताना मी तोंड फिरवलं.

बायको म्हणाली, “तोंड वाकडं करा हवं तर, पण बघून सोडवा. दुखतंय.”

मी बघितलं.