चौपडीवर घासलेलं नाक

मी गणगौरीला बहिरी म्हणाले. तेही ऐन गणगौरीच्या सणादिवशी, जयपुरात, छोट्या चौपडीवर, म्हणजे भर बाजारातल्या चौकात, स्टुलावर उभी राहून, तोंडाला पत्र्याचा भोंगा लावून. याहून मोठा मूर्खपणा करायचा तर माणसाला खास शिक्षण घ्यावं लागतं. मी घेतलं होतं. बायबल वर्गाची परीक्षा नुकतीच पास झाले होते.

वय अठरा. दोन वेण्या, खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, आणि चेहऱ्यावर असा भाव की येशूने वधस्तंभावर जाण्याआधी मलाच विचारलं होतं. ती पोरगी आज रस्त्यात भेटली तर मीच तिचे कान उपटीन.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझे वडील, आबा, मूळचे नगर जिल्ह्यातले. मिशनच्या शाळेतली मास्तरकी सोडून सुवार्तिक म्हणून, येशूची शिकवण सांगायला, जयपुरात आलेले. बनी पार्कच्या बाजूला मिशनच्या आवारात आमची एक खोली होती. दर शनिवारी उन्हं कलली की आबा चौपडीवर उभे राहून कीर्तन करायचे. खरंखुरं मराठी कीर्तन. धोतर, पागोटं, उपरणं, हातात चिपळ्या. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं, आणि भाषा आबांची मोडकी हिंदी. जयपूरच्या बायका त्यांना कथा सांगणारे महाराज समजून पुढ्यात बसायच्या, पायाशी मूठभर बाजरी ठेवायच्या. येशूचं नाव आलं की काहीजणी हसत उठून जायच्या. बाकीच्या बसून राहायच्या. पोरगा घरी परत येतो की नाही, हे त्यांना ऐकायचं असायचं. आबांनी कधी कुणाच्या देवाला नाव ठेवलं नाही.

मला त्या कीर्तनाची लाज वाटायची. पागोट्याची तर फारच. ख्रिस्ती माणसाने कसं सुटाबुटात, खणखणीत बोलावं! म्हणून गणगौर शनिवारी आली तेव्हा आबांच्या आधीच मी चौपड गाठली. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. बायका नटूनथटून, डोक्यावर ईसर-गौरीच्या, म्हणजे शंकर-पार्वतीच्या, मूर्ती घेऊन, गात चाललेल्या. मी स्टुलावर चढले आणि भोंग्यातून ओरडले, "तुम्हारी देवी मिट्टी की है! बहरी है! वो नहीं सुनती!"

गाणं थांबलं. एका माणसाने शिवी हासडली. कुणीतरी फेकलेली केळ्याची साल येऊन वेणीला लागली.

चौपडीच्या पायऱ्यांवर हार विकणारी एक म्हातारी बसायची. सगळी चौपड तिला काकीसा म्हणायची. डोक्यावरची गौर दोन्ही हातांनी सावरत ती माझ्यापुढे आली, मान वर करून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हारी बहरी है, मान लिया. पण भोंगा तो तू लाई है, छोरी. तेरे वाला ऊँचा सुणै है के?"

माझाच देव कमी ऐकतो की काय, म्हणून अख्खी चौपड हसली. शिवी देणारा सगळ्यांत मोठ्याने. माझा भोंगा आपोआप खाली आला. काकीसाने गौर सुनेच्या हाती दिली, पायरीवरचा आपला लोटा उचलून माझ्यापुढे धरला. "उतर नीचे. पाणी पी. धूप चढ़ गई तेरे माथे में."

म्हणजे बघा, मी त्यांच्या देवीला बोलले, त्यांनी माझ्या देवाची टर उडवली, फिट्टंफाट. पाणी समोर आलं होतं. गोष्ट तिथेच संपली असती.

स्टुलावरून उतरताना पाय मुरगळला आणि मी "आई गं!" म्हणाले.

"काय गं ए मुली, मराठी का तू?"

मागे एक साहेब उभे होते. पांढरा बुशशर्ट, शेजारी नऊवारीतली बायको, गावाकडून आलेले पाहुणे. केंद्र सरकारच्या कुठल्याशा कचेरीतले मोठे अधिकारी, पुण्याकडचे, सी-स्कीममध्ये बंगला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी कानाला कळलं ते एवढंच, की आबांशिवाय कुणीतरी माझ्याशी मराठी बोलतंय. मी लोण्यासारखी विरघळले.

"हो ना!" मी म्हणाले.

"कुठली?"

"नगर जिल्हा."

त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगत गेले. वर मी हसतसुद्धा होते.

"ख्रिस्ती कधीपासून?"

"आजोबांपासून."

"आणि त्याआधी?"

ताठ उभी राहून, वर्गात धडा म्हणावा तसं मी सांगितलं. "महार."

साहेबांनी मान डोलावली. मग ते गर्दीकडे वळले आणि माझ्या हिंदीच्या दसपट चांगल्या हिंदीत बोलले, "अरे, आप लोग किसको पानी पिला रहे हैं? ये हमारे यहाँ के वो लोग हैं जो मरे हुए ढोर खींचते हैं. ईसाई-वीसाई सब ऊपर की बात है."

माझ्या देवीनिंदेने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. मघाचा राग गरम होता, तोंडावर होता, त्यात शिवी होती, हसू होतं. आता सगळं गार पडलं. घेवरच्या मिठाईवाल्याने आपली परात मागे ओढली. लोक सरकले आणि माझ्याभोवती गोल जागा मोकळी झाली. एवढ्या गर्दीत! काकीसाचा लोटा माझ्या ओंजळीपाशी आला होता. तो मागे गेला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लोटा पायरीवर उपडा केला. पाणी माझ्या बुटांखालून वाहत गेलं, खडू विरघळवत.

"नाक घास," साहेब मराठीत म्हणाले. "देवीपुढे. सगळ्यांच्या देखत. आम्ही तुम्हाला चालवून घेतो, म्हणून माजता. निम्मे गेले बुद्धाकडे, निम्मे तुम्ही असे."

माझी नात विचारते, "आजी, मतलब तू सचमुच नाक घासलंस?"

हो बाई, सचमुच. गुडघे टेकले, पायरीच्या दगडावर नाक ठेवलं आणि घासलं. दगड तापलेला होता. गुलाल आणि झेंडूच्या पाकळ्या नाकाला चिकटल्या. वर साहेबांचे पाहुणे एकमेकांना विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि त्यांची बायको सांगत होती, "काही नाही हो, आपल्याकडचीच आहे."

आपल्याकडची! आजही हा शब्द आठवला की दातावर दात दाबले जातात. आपल्याकडची असते तर पाणी सांडलं असतं का? त्या राजस्थानी गर्दीला माझी जात ठाऊक नव्हती. हजार मैलांवरून ती सोबत बांधून आणली माझ्याच भाषेच्या माणसाने, आणि चौकात सोडली. देवीचा अपमान त्याच्या जिव्हारी लागला म्हणता? गणगौर म्हणजे कोण, हे तो तासाभरापूर्वी ड्रायव्हरला विचारत आला असेल.

एवढ्यात आबा पोचले. त्यांनी काय झालं ते विचारलंही नाही. पागोटं काढून साहेबांच्या बुटांपाशी ठेवलं. माझं नाक पायरीवर आणि बापाचं पागोटं धुळीत. आता मला त्याची लाज वाटेना, हाही एक विनोदच.

साहेबांनी पागोटं बुटाच्या टोकाने बाजूला सारलं. "हे कीर्तनाचं सोंग कशाला?" म्हणाले, "ठाणेदार ओळखीचा आहे. आज तक्रार दिली तर उद्यापासून चौकात उभं राहणं बंद. पण मी तसा माणूस नाही. उद्या रविवार, माझ्याकडे सर्वधर्म प्रार्थना आहे. पोरीला घेऊन या. तिने एक भजन म्हणावं, चुकले म्हणावं, आणि पुन्हा रस्त्यावर प्रचार करणार नाही असं चारचौघांत सांगावं. विषय संपला."

चौपड गेली तर आबांकडे काही उरत नव्हतं. मास्तरकी सुटलेली, गाव सुटलेलं. आठवड्यातला तो एक प्रहर ते चिपळ्या घेऊन कुणीतरी असायचे. म्हणून आम्ही गेलो.

बंगल्याच्या दिवाणखान्यात पांढऱ्या चादरी. खुर्च्यांवर एक मुसलमान हेडमास्तर, एक शीख ठेकेदार. सर्वधर्म! आमच्यासाठी व्हरांड्याच्या टोकाला, चपलांच्या जोड्यांशेजारी गोणपाट. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, चहा आणून दिला. सगळ्यांना फुलाफुलांच्या बशा, आम्हाला कान तुटलेले दोन कप. वर कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, किती शुद्ध बोलतेस! सांगितल्याशिवाय कळायचंसुद्धा नाही!"

आणि मी खुदकन हसले. लाजलेसुद्धा. मूर्ख!

साहेबांचं भाषण झालं. आपला धर्म किती सहिष्णू, आपण सगळ्यांना कसं सामावून घेतो, कुणी निंदा केली तरी कशी क्षमा करतो. "आज आपल्यात एक ख्रिस्ती कन्यासुद्धा आहे," म्हणून त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. कुणी हळहळलं, कुणी स्मित केलं. हेडमास्तर तेवढे खाली बघत होते.

"बोल मुली," साहेब म्हणाले.

मी उठले. भजन तयार होतं, माफीही घोकून तयार होती. तोंड उघडलं आणि नजर आबांवर गेली. ते गोणपाटावर अंग चोरून बसले होते, कप दोन्ही हातांत धरून, थेंब खाली पडू नये म्हणून. माझा बाप, जो चौपडीवर हात पसरून गायचा तेव्हा रस्ता अपुरा पडायचा.

"देवीला बहिरी म्हणाले ती माझी चूक," मी म्हणाले. "तिची माफी मी चौपडीवर मागेन, जिची गौर होती तिच्यापाशी. इथं मी कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

"अगं, भजन म्हण," वहिनी हळूच म्हणाल्या.

"गोणपाटावरून नाही म्हणणार. आणि साहेब, मला चालवून घेऊ नका. चालवून घ्यायला मी तुमच्या घरची गळकी घागर नाही. रस्ता तुमच्याइतकाच माझा आहे. मी चुकीचं बोलले तर तिथंच मला दोन शब्द सुनावा, मी ऐकेन. पण माझी जात सांगून माझं तोंड बंद करायचं, याला सहिष्णुता म्हणत नाहीत. हा डाव आहे."

कप मी जमिनीवर ठेवला. फोडला वगैरे नाही. फोडावासा फार वाटला.

साहेबांचा चेहरा लाल. "उपकाराची जाण नाही," एवढंच म्हणाले.

खोलीत आल्यावर आबा म्हणाले, "पोरी, पोटावर पाय दिलास. आपण इतक्या लांब का आलो? इथं कुणी विचारत नव्हतं म्हणून. आता घरोघरी ठाऊक होईल."

शनिवारी मी चौपडीवर गेले. आबाही आले, पण मागे मागे. काकीसा झेंडू ओवत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. "काकीसा, देवी को बुरा बोला. गलती हुई. माफ़ करो."

तिने सुई थांबवली नाही. "बोला देवी को था. देवी ने सुण लिया."

"और पानी?"

आता सुई थांबली. "बो कोनी होवै, छोरी. म्हारे भी घर-बार है." ते होणार नाही, मलाही घरदार आहे.

ती वाईट बाई नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. साहेबाचा तिरस्कार करणं सोपं. काकीसाचा करता येईना, आणि तिला सोडूनही देता येईना.

"ठीक है," मी म्हणाले. "फिर मैं भी यहीं खड़ी रहूँगी."

आबांनी चिपळ्या हातात घेतल्या आणि तशाच धरून राहिले. मी गायला लागले. या वेळी भोंगा नव्हता. दोन कडवी झाली असतील, तोच शिपाई आला. आम्हाला ठाण्यावर नेलं. बाकावर बसवून ठेवलं. उन्हं उतरायला आली तेव्हा ठाणेदाराने पुढे बोलावलं.

"कौन हो?"

"ईसाई," आबा म्हणाले.

"वो मालूम है. उससे पहले?"

साहेबाने त्याला सगळं पढवून ठेवलं होतं. आबांची मान खाली जात होती, आणि ती गेली असती तर पुन्हा कधी वर आली नसती.

"महार!" मी म्हणाले. ठाण्याबाहेर टांगेवाले उभे होते, त्यांनाही ऐकू गेलं. "और पूछो. क्या पूछना है?"

ठाणेदार दचकला. त्याला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "चिल्लाती क्यूँ है," पुटपुटला. पुन्हा चौपडीवर दिसलात तर आत टाकीन, असा दम देऊन त्याने आम्हाला सोडलं.

रस्त्यावर आलो तेव्हा माझं ठरलं होतं. चौपड सोडायची नाही. आत टाकतील, बाहेर येऊ, परत उभं राहू. दुसऱ्याच्या देवाला बोलणार नाही, आणि स्वतःच्या नावाने खाली बघणार नाही. आबांना हे कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत मी चालत होते. तेच थांबले. पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा घट्ट बांधलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या शनिवारी कीर्तनाला सुरुवात करताना आधी आपली जात सांगायची. मी सांगीन. त्यांनी विचारायची वाट बघायची नाही."