चढावर पाठीला लावलेला हात

दोन रविवार झाले, तरी त्या चढावरची गोष्ट डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितो. शिक्षण आठवीपर्यंतच, काही चुकलं तर समजून घ्या.

आमचा सायकल ग्रुप रविवारी सकाळी निगडीहून निघतो. त्या दिवशी भंडारा डोंगर होता. मी सदुसष्ट वर्षांचा, ग्रुपमध्ये सगळ्यात म्हातारा, पण चढावर अजून दम टिकून आहे.

पूर्वी कंपनीत फर्स्ट शिफ्टला आम्ही सायकलनेच जायचो. चढ आला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला रेटायचा. तीच सवय मी इथे आणली... आधी विचारायचं असतं, हे कधी मनातच आलं नाही.

त्या दिवशी पूजा मागे पडली. हिंजवडीत नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. मी शेजारी जाऊन पाठीला हात लावला, तशी ती सायकल थांबवून खाली उतरली. मला वाटलं, दमली असेल.

वर चहा पिताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, चढावर माझ्या पाठीला हात लावू नका. मला अवघडल्यासारखं होतं."

मी हातातला कप खाली ठेवला. ग्रुपमधला एकजण हसत म्हणाला, "अगं, तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत ते!"

"आजोबांनाही सांगितलंच असतं," ती शांतपणे म्हणाली.

मी नुसतं "बरं" म्हणालो. लोक काय समजले असतील, या काळजीत अख्खा उतार ब्रेक दाबत आलो. घरी जेवण जाईना, तेव्हा बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं मन चांगलं असेल हो... पण पाठ तिची आहे ना?"

ग्रुप सोडायचं जवळपास ठरवलं होतं. आणि सुनंदाताई आठवल्या. गेल्या वर्षी त्या आमच्याबरोबर यायच्या, त्यांनाही मी प्रत्येक चढावर रेटायचो. एक दिवस गुडघे दुखतात म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या.

त्यानंतर दोनदा त्या मला स्पाइन रोडवर दिसल्या... एकट्याच, मजेत सायकल चालवत. तेव्हा नवल वाटलं होतं. आता त्यांना कारण विचारायचं धाडस होत नाही.

काल भीत भीतच गेलो. चढावर पूजा पुन्हा मागे पडली. मी दोन हात लांब राहून, हँडल घट्ट धरून विचारलं, "काही मदत हवी का?"

"नको काका. पण पुढे जाऊ नका, सोबत चला."

हळूहळू गेलो. ती तिच्या पायांवर, मी माझ्या...

पूजा, तू तोंडावर सांगितलंस, फार बरं केलंस. तूही काही न बोलता यायची बंद झाली असतीस, तर मी अजून गुडघ्यांनाच दोष देत बसलो असतो.