बाईसाहेबांचा मुका माज

आमची वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला म्हैस आणि रेडा यांतला फरक कळत नव्हता. हे मी नाही, ती स्वतः सांगते. माहेरी शिलाईचं दुकान, तीन मशीन, आणि जनावर म्हणावं तर भिंतीवरची पाल. पहिल्याच आठवड्यात तिला गोठ्यात पाठवलं, तर ही दारात उभी राहून मधल्या म्हशीला म्हणते, "बाईसाहेब, जरा सरकता का?" म्हैस सरकली नाही, पण नाव कायमचं चिकटलं. थोरली, बाईसाहेब आणि धाकटी, अशा आमच्या तीन म्हशी. जमीन एवढीशी, की एका बांधावर कुजबुजलं तर दुसऱ्या बांधावर हाक मारल्यासारखं ऐकू येतं. घर चालायचं ते दुधावर.

वहिनीच्या हातात शिवणकामाचं एक कसब होतं, ते म्हणजे नजर. ब्लाउजचा खांदा एक दोऱ्याइतका उतरला तरी तिला लांबून दिसतो. माझ्या शर्टाचं बटण तुटायच्या आधी तिला कळतं आणि मग सगळ्यांदेखत माझा उद्धार होतो. मी सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे माझ्या कपड्यांवर तिला बोलायला भरपूर वाव असतो. तीच नजर तिनं गोठ्याला लावली. पावसाळ्यात म्हशी सांभाळणं म्हणजे सारखं काहीतरी कोरडं ठेवत बसणं असतं. चिखलानं खूर मऊ पडतात, कोवळं गवत जास्त झालं की पोट फुगतं, ओल्या अंगावर माश्या बसतात. दोन वर्षांत ती सगळं शिकली. कोवळ्या गवतात कडबा किती मिसळायचा ते ती मुठीनं मोजते, आणि तळ्यावरून परतलेल्या म्हशीच्या कासेवरून हात फिरवून जळू शोधते, शिवणीतली टाचणी शोधावी तशी.

फक्त बाईसाहेबांचं काही जमत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्याच्या थोडं आधी बाईसाहेब व्यायली होती. पुढं वर्षभर दूध दिलं, मग आटली, आणि नंतर माजावर, म्हणजे पुन्हा गाभण राहायच्या बेताला, आलीच नाही. थोरलीला माज आला की सगळ्या आळीला कळतं, ती अशी हंबरते. बाईसाहेब मात्र ढिम्म. जनावरांचे डॉक्टर दोनदा येऊन तपासून गेले. गर्भपिशवीत काही दोष नाही, माज दिसला की मला लगेच कळवा, एवढंच म्हणाले. आम्ही दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघत होतो. दिसेल तर शपथ.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं पक्कं होतं. म्हशीनं आईचा ध्यास घेतलाय. आईच तिची धार काढायची, आईच्याच हातचं भिजवलेल्या पेंडीचं आंबोण खायची. आता ती मनानं मिटली. आबा हे सांगायचे तेव्हा आम्ही सगळे मान हलवायचो. आई गेल्यापासून त्यांना स्वतःलाही झोप नव्हती. पहाटे चारला उठायचे, पाण्याचा पाइप लावायचे आणि आम्ही उठायच्या आत गोठ्याचा सिमेंटचा कोबा लख्ख धुऊन काढायचे. कोब्याबरोबर म्हशींच्या शेपट्याही धुवायचे. पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही, म्हणून दोनदा धुवायचे. आमच्या गोठ्यात पान मांडून जेवावं, असं लोक म्हणायचे, आणि आबांना ते आवडायचं.

त्या वर्षी पाऊस लागायच्या आधी आबांनी एका व्यापाऱ्याला शब्द दिला. पाऊस सरला की बाईसाहेब घेऊन जा. भाकड म्हैस वर्षभर बसवून खाऊ घातली तेवढी पुरे. भाकड म्हैस नेणारा व्यापारी ती दावणीला बांधायला नेत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, तपासायला आलेला माणूस दोष नाही म्हणतो आणि आपण तिला मरायला पाठवतो, हे मला पटत नाही. मी म्हटलं, आबांना सांग. तर माझ्याकडे असं बघितलं की मी सायकल काढून दुकानावर गेलो.

पाऊस लागून पंधरा दिवस झाले असतील. आबा अंगणात शेवाळावरून घसरले आणि कंबर धरून अंथरुणाला खिळले. पहाटेचा गोठाही वहिनीकडे आला. दुसऱ्याच पहाटे ती बॅटरी घेऊन गोठ्यात गेली, तर बाईसाहेब बसली होती त्या जागी, तिच्या मागं, कोब्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी चिकट, स्वच्छ तार पडलेली. बाकी म्हैस रोजच्यासारखीच रवंथ करत होती. हंबरणं नाही, अस्वस्थपणा नाही. उजाडेपर्यंत त्यावर शेण पडलं आणि ती खूण दिसेनाशी झाली.

वहिनीनं कॅलेंडरवर खडूनं फुली मारली आणि दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, संध्याकाळी दूध घालायला जाताना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांचा निरोप आला की हा मुका माज. काही म्हशी आवाज करत नाहीत, पहाटे एवढीच खूण दाखवतात. माझ्यापर्यंत निरोप यायला उशीर झाला, ही वेळ हुकली. आता एकविसाव्या दिवसाच्या आसपास पहाटे कोबा बघा, आणि दिसलं की दुपारच्या आत कळवा.

एकविसाव्या दिवसापर्यंत आबांची कंबर ठणठणीत झाली होती. खरी पंचाईत ती होती.

विसाव्या पहाटे मला आबांच्या आवाजानं जाग आली. जाऊन बघतो तर वहिनी पदर खोचून गोठ्याच्या दारात स्टूल टाकून बसलेली, आणि समोर आबा, हातात चालू पाइप.

"सूनबाई, बाजूला हो. अंगावर पाणी येईल."

"येऊ द्या. आधी मला कोबा बघू द्या, मग धुवा."

"शेणात काय बघायचंय?"

सासऱ्यासमोर बोलायची गोष्ट नव्हती. पण वहिनीनं आडपडदा ठेवला नाही. म्हैस माजावर येते, दर एकवीस दिवसांनी येते, त्याची खूण फक्त पहाटे कोब्यावर पडते, हे तिनं सरळ सांगितलं. आणि पुढचंही सांगितलं. "ती खूण तुम्ही रोज धुऊन टाकता."

आबांचा पाइप खाली आला. पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं. "म्हणजे दोन वर्षं... माझ्यामुळे?"

मी असतो तर म्हटलं असतं, तसं नाही हो आबा. वहिनी म्हणाली, "हो."

मला तिचा रागच आला. आपण गमावलेल्या माणसाचं दुःख या म्हशीलाही आहे, एवढाच आबांना आधार होता, आणि हिनं तो एका शब्दात काढून घेतला. आबांनी नळ बंद केला आणि वळचणीखाली जाऊन बसले. पुढं कित्येक दिवस ते तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पाइप हातात घेऊन दाराबाहेर थांबायचे, वहिनी आत जाऊन बघून यायची, मान हलवायची, मगच पाणी सुरू व्हायचं.

बाविसाव्या पहाटे ती बाहेर आली ती दादाला हाका मारतच. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी कृत्रिम रेतन करून म्हैस भरवली. पुढच्या एकविसाव्या दिवशी कोबा कोरा होता, त्याच्या पुढच्याही. वहिनीची खात्री पटली होती, पण अडीच महिने झाल्याशिवाय हात घालून तपासता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे पाऊस उघडत चालला होता. रोज सकाळी आभाळ निळं दिसलं की मला धडकी भरायची. वहिनी मात्र निवांत. गाभण म्हशीचं आंबोण वेगळं करून घालत होती, जणू निकाल लागलाच आहे.

व्यापारी टेम्पो घेऊन आला त्याच सकाळी तिनं डॉक्टरांना बोलावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी लांब हातमोजा चढवला, हात घातला, डोळे मिटून चाचपलं आणि म्हणाले, "गाभण आहे. छान आहे."

व्यापारी बिथरला. शब्द म्हणजे शब्द, मी टेम्पो घेऊन आलोय, असं तो तावातावानं सांगू लागला. आबा शांतपणे पुढं झाले. "शब्द भाकड म्हशीचा दिला होता. ही भाकड नाही, नव्हतीच कधी. ती सांगत होती आणि मी धुऊन टाकत होतो. चूक माझी आहे, तुमचा टेम्पो रिकामा जाईल त्याबद्दल माफी मागतो."

आबांना कुणाची माफी मागताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. व्यापारी पुटपुटत निघून गेला, डॉक्टरही गेले. आबा ओसरीवर बसले. वहिनी हात धुऊन आली तेव्हा दोन-अडीच महिन्यांनंतर ते तिच्याशी आपणहून बोलले.

"तुझ्या सासूला दर वेळी बरोबर कळायचं. सकाळी उठून म्हणायची, आज डॉक्टरांना बोलवा. कसं कळायचं ते मला तिनं कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत का?" वहिनी म्हणाली.

आबा गोठ्याकडे वळले. "नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही विचारलं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तू बस. आणि मला सगळं सांग, पहिल्यापासून."