बोनफिशसाठी मखराची चमकी

काकांच्या उजव्या डोळ्यात मधोमध एक राखाडी डाग आहे आणि आता तसाच एक डाव्या डोळ्यातही धरायला लागला आहे. समोरच्या माणसाकडे सरळ बघितलं की त्याचं तोंड जातं आणि कान उरतात. "तुझे कान दिसतात," त्यांनी मला सांगितलं होतं, "तोंड दिसत नाही. फारसं नुकसान नाही."

काका निवृत्त डॉक्टर, भूल देणारे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या घरापासून दोन वळणं सोडून राहतात. आयुष्यभर लोकांना निपचित झोपवणारा हा माणूस स्वतः पाच मिनिटं खुर्चीत टिकत नाही. मीही टिकत नाही. आमची मैत्री बहुधा त्यावरच जमली असावी, कारण वयात पंचवीस-तीस वर्षांचं अंतर आहे आणि राजकारणावर आम्ही बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. स्वतःच्या हाताने बांधलेल्या फ्लायवर एक बोनफिश पकडायचा, आणि तो दिसतोय तोवर पकडायचा. यापूर्वी त्यांनी दोन-तीन पकडले होते, पण भाड्याच्या बोटीतून आणि बोटवाल्याच्या डब्यातल्या फ्लायवर. ते त्यांच्या हिशेबात धरलेले नव्हते.

बोनफिश हा चांदीच्या रंगाचा, काट्यांनी भरलेला आणि कमालीचा भित्रा मासा. भरतीबरोबर तो किनाऱ्याजवळच्या गुडघाभर, स्वच्छ पाण्यात कोळंबी आणि खेकडे शोधत येतो. आपण त्या पाण्यात उभं राहायचं. तो दिसला की त्याच्या पुढ्यात हुकाला बांधलेली नकली कोळंबी अलगद टाकायची. हीच फ्लाय. मासा लागला की हातात धरून बघायचा आणि सोडून द्यायचा. काकू मूळच्या मालवणच्या, त्यांना हे शेवटचं कलम अजून पटलेलं नाही. "पकडलेला मासा परत पाण्यात टाकणारा माणूस आमच्याकडे असता ना," त्या म्हणतात, "तर त्याला कुणाला तरी दाखवून आणला असता."

या छंदाभोवतीचा थाट बघितला की मीही काकूंच्या बाजूला जातो. दुकानातला माणूस फ्लायचा डबा उघडताना आवाज खाली आणतो. मासिकांत कोळंबीच्या नकलेबद्दल अशा गंभीर भाषेत लिहिलेलं असतं की वाटावं, राज्यघटनेत दुरुस्ती चालली आहे. वास्तविक निवड साधी असते. पांढऱ्या वाळूवर फिकट फ्लाय, समुद्री गवतावर हिरवट. पाणी उथळ असेल तर हलकी, म्हणजे पडताना आवाज होत नाही. खोल असेल तर पितळी डोळ्यांची, म्हणजे ती तळाशी जाते. काकांनी मला शिकवलेली कसोटी तर याहून सोपी. फ्लाय पायाशी पाण्यात सोडायची आणि उभ्याने खाली बघायचं. चटकन दिसली तर चुकीची. ती वाळूत हरवायला हवी, हलली की मासा तिला शोधतो.

फ्लाय बांधायला केस लागतात. काकांकडे वासराच्या शेपटीच्या केसांचं पाकीट होतं. ते बेसमेंटमध्ये, म्हणजे बरोबर काकूंच्या देवघराच्या खाली. मागच्या वर्षी काकूंना ते सापडलं.

"वर देव आणि खाली वासराची शेपटी?"

"तू बांगडे तळतेस ते देवघरापासून किती लांब आहे?"

"बांगडे वेगळे."

पाकीट गेलं. मग काकांचं लक्ष मखराच्या खोक्याकडे गेलं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दरवर्षी बदलतात आणि दरवर्षी भाषणात नवं पर्व सुरू झाल्याचं सांगतात, पण गणपतीच्या मखराचं उरलेलं सामान काकांच्या बेसमेंटमधून हलत नाही. त्यात गुलाबी, केशरी, सोनेरी चमकी भरपूर होती आणि थोडी मातकट नकली फर. हिवाळाभर काकांनी भिंगाच्या दिव्याखाली बसून त्याच सामानाच्या फ्लाय बांधल्या. मी डबा बघितला तेव्हा म्हणालो, "काका, या विसर्जनाला निघाल्यासारख्या दिसतात." ते म्हणाले, "गढूळ पाण्यात चमक लागते." आम्ही ज्या पाण्यात जाणार होतो त्याचा तळ विमानातूनही दिसतो.

मार्चच्या शेवटी आम्ही तिघं फ्लोरिडा कीजला, हायवेने जोडलेल्या बेटांच्या माळेवर, गेलो. ही शेवटची ट्रिप, असं काकूंनी विमानतळावरच जाहीर केलं. डोळ्यांतली इंजेक्शनं, उन्हाचा त्रास, शिवाय आता काकांना ड्राइव्ह करता येत नव्हतं. सकाळी मी गाडी हायवेच्या कडेला लावली. भरावाचे दगड उतरलं की लगेच गुडघाभर पाणी होतं. काकू छत्री घेऊन वर दगडांवर उभ्या राहिल्या. आम्ही दोघं पाण्यात उतरलो.

मला तिथे सगळ्यात अवघड जातं ते उभं राहणं. पाय हलला की वाळू उडते, सावली हलली की मासा पळतो. त्या आठवड्यात ऑफिसात कुणाला काढणार याची कुजबुज चालली होती आणि गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन सारखा थरथरत होता. वारा एका बाजूने येत होता. ढग आला की पाण्याचा पत्रा व्हायचा आणि काहीच दिसायचं नाही, ढग गेला की सगळा तळ उघडा. काकांचं वेगळंच चाललं होतं. एक फ्लाय काढायची, दुसरी लावायला माझ्याकडे द्यायची, चार वेळा टाकायची, पुन्हा काढायची. गुलाबीवरून केशरी, केशरीवरून पुन्हा गुलाबी. दोनदा मासे आले तेव्हा हुक माझ्या बोटांत होता.

तिसऱ्यांदा पाच-सहा मासे आले तेव्हा फ्लाय पाण्यात होती. त्यांच्या पुढ्यात ती पडली, उन्हात चमकली, आणि ते मासे असे फुटले की पाण्यावर नुसता ओरखडा उरला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"गेले."

"फ्लाय खाली गेली नसेल. जड दे."

मी जड फ्लाय लावली. काकांनी ती कसोटीसाठी पायाशी सोडली, मान तिरकी केली, कडेच्या नजरेने बराच वेळ खाली बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "हं. ही दिसते. ही बरोबर आहे."

मी म्हणालो, "काका, दिसली तर चुकीची, असं तुम्हीच सांगायचात."

त्यांनी रॉड काखेत धरली आणि चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

"मला दिसलीच नाही तर खेळवू कशी?" ते म्हणाले. "आंधळ्यासारखी दोरी ओढत बसू?"

माझ्या डब्यात दुकानातल्या फिकट फ्लाय होत्या, पण त्या त्यांना चालणार नव्हत्या. उत्तर वर उभ्या काकूंकडून आलं.

"अहो, त्याला चमकी कापू द्या. मला इथून मासे दिसतात. मी सांगते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"गाडी गॅरेजमध्ये घालताना कोण सांगतं?"

हे खरं होतं. ड्राइव्हवेवर उभ्या राहून हातवारे करणाऱ्या काकूंना कॉलनीतला सगळा रस्ता ओळखतो. काकांनी फ्लाय माझ्यापुढे धरली. दोरा कापायचं कटर माझ्या गळ्यात होतं. मी सगळी गुलाबी चमकी मुळापासून कापली आणि कचरा पाण्यात नको म्हणून खिशात घातली. पितळी डोळ्यांखाली थोडी मातकट फर उरली. काकांनी ती बोटांनी चाचपली.

"माझी आहे ना अजून?"

"गाठी तुमच्याच आहेत."

त्यांनी ती पायाशी सोडली. मला ती दिसली नाही. त्यांना तर नाहीच.

ढग सरकला आणि काकू म्हणाल्या, "आले. दोन आहेत. तुमच्या डाव्या हाताला." पाण्यावरचं बोलणं माशांना ऐकू येत नाही, आणि काकांच्या मते हे माशांचं मोठं भाग्य आहे. "अजून डावीकडे. एवढं नाही हो. हं. येऊ द्या. येऊ द्या. आता टाका."

काकांनी टाकली. वाऱ्याने दोरी थोडी वळवली. माझा एक पाय आपोआप हलत होता, तो मी हाताने दाबून धरला.

"पुढे पडली, चालेल. थांबा. थांबा म्हटलं ना. आता ओढा. हळू. वळला, एक वळला. तुमच्या मागून येतोय."

"माझ्या मागून?"

"तुमच्या त्या किड्याच्या मागून. ओढा. ओढा. बास."

काका थांबले. मग त्यांचा डावा हात एकदम पुढे खेचला गेला आणि रीळ ओरडायला लागलं. दोरी पाणी कापत समुद्राकडे निघाली. काका सरळ समोर बघत होते, म्हणजे त्यांना समोरचं काहीच दिसत नसणार, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं गांभीर्य होतं. मासा एकदा थांबला, पुन्हा सुटला. मग दोरी सैल पडली. काकांनी भराभर गुंडाळून बघितली. दुसऱ्या टोकाला वजन नव्हतं.

"गेला?" काकूंनी विचारलं.

"गेला."

"मला दिसला हो. चांगला हातभर होता. तुम्हाला दिसला का?"

"नाही," काका म्हणाले. सैल दोरी बोटांत धरून म्हणाले, "हातात होता."

मी फ्लाय उचलून बघितली. फर एका बाजूला चेपली होती, हुक थोडा उघडला होता. पुन्हा वापरण्यासारखी नव्हती. मला वाटलं, आता ते बाहेर पडू या म्हणतील. ऊन वाढलं होतं. काकांनी पाठीवरची पिशवी पुढे घेतली, डबा काढला आणि उघडाच माझ्या हातात दिला. हिवाळाभराचं काम उन्हात झगझगत होतं.

"सगळ्यांची काप," ते म्हणाले.

"सगळ्या? दोन-तीन ठेवू या की."

"एकही नको. वेळ नाही आपल्याकडे, भरती वाढतेय."

मी डबा छातीशी धरून कापायला लागलो. फोन थरथरत होता, खिसा चमकीने फुगत होता, आणि काका रिकामी दोरी हातात घेऊन अधीरपणे पाण्याकडे तोंड करून विचारत होते, "आहेत का गं? कुठे आहेत?"

"थांबा हो," काकू वरून म्हणाल्या. "मला बघू तर द्या."