न चाखता केलेली सही

परवा नोएडात, ऑफिसच्या कँटीनमधली खिचडी फार खारट लागली. मी ताट परत केलं, आणि वीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

तेव्हा मी देणगीदारांच्या पैशांतून आसपासच्या खेड्यांतल्या शाळांना जेवण पुरवायचं काम बघायचे. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून वहीत सही करायची, असा नियम होता. त्या दिवसाची ती चौथी शाळा. उन्हानं, धुळीनं अंग नुसतं आंबलं होतं. मी न चाखताच सही केली.

थोड्या वेळानं पाहिलं, तर सगळी मुलं हँडपंपाशी ओंजळी भरभरून पाणी पीत होती. स्वयंपाकीण बिमलानं पातेल्यातला घास तोंडात घातला आणि तिचा चेहराच पडला.

"नमक दो बार पड़ गया मुझसे. पर मैडम, आपने तो चखा था न?"

"नहीं चखा था, बिमला."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

ताटं मात्र लख्ख रिकामी होती. एकाही मुलानं तक्रार केली नव्हती. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता वाटतं, बोललो तर उद्यापासून जेवण बंद होईल, अशी भीती त्यांना वाटली असेल. तसं काही होणार नाही, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही.